शबनम आणि आमची लाखोरी

परवा सकाळी सडक अर्जुनीच्या बाहेर आमच्या बांधावर फोन हातात घेऊन बसलो होतो. शारजाला मुलाला फोन करायचा होता, आणि हिंमत होत नव्हती...

नात झाली आहे. तिथेच जन्मली, अजून मांडीवर घेतली नाही. स्क्रीनवर दिसते... नेटवर्क गेलं की तिचं तोंड अर्धवट थांबून राहतं.

नाव ठेवलं शबनम. नाव ऐकलेलं होतं, अर्थ कधी विचारला नव्हता. मी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलो, उर्दू वाचता येत नाही. म्हणून जुम्म्याला मशिदीत हाफिजजींना विचारलं. ते म्हणाले, फारसी नाव आहे. शब म्हणजे रात्र, नम म्हणजे ओल... रात्रीची ओल, म्हणजे दव.

तेव्हापासून घास उतरेना. दव ऊन आलं की संपलं... आणि तिकडे तर नुसतं ऊनच. पोरीचं नाव बदल, एवढंच मुलाला सांगायचं होतं.

तेवढ्यात शेजारच्या धानाच्या बांधीतला ताराचंद आला. लहानपणापासूनचा सोबती. "काऊन तोंड उतरवून बसून राहिला?" म्हणाला. त्याला सगळं सांगितलं.

"तुले काळजी कराले कारण लागते का? मागं नवी चप्पल करकर वाजते म्हणून झोपला नाही तू." मग धान कापल्यावर बांधीत उभ्या असलेल्या लाखोरीकडे, आमच्या डाळीच्या पिकाकडे, हात केला. "उभ्या धानात हिचं बी फेकलं, तवापासून हिले एकदा तरी पाणी देल्लं का?"

"नाही."

"मंग कायच्यावर जगून राहिली? खालची ओल आन् वरचं दव. तू म्हणते दव टिकत नाही."

जमिनीत नमी आहे का, हे आम्ही बोटाने माती उकरून बघतो. तो 'नम' माझ्याच तोंडात होता, आणि मी अर्थ विचारत फिरत होतो...

फोन लावला. नाव बदलायचं काही बोललो नाही. फोन ओल्या लाखोरीजवळ धरला आणि म्हटलं, बघ शबनम, ही तू.

मुलगा म्हणाला, "अब्बा, कुछ दिख नहीं रहा."

खरंच, दव फोनमध्ये दिसत नाही... ईदला येतो म्हणाला आहे. तोवर लाखोरी निघालेली असेल, दवही राहणार नाही.

म्हणून सध्या सकाळी चप्पल हातात घेऊन बांधावरून चालतो. पाय ओले होतात... तेवढीच भेट.