हेमांगीच्या दोन ओळी

मुलुंडच्या दत्ताराम परबांना ओळखणारे लोक दोन प्रकारचे. सोसायटीतल्यांच्या लेखी ते एका कंपनीतले रिटायर्ड स्टोअरकीपर, मीटिंगमध्ये फाटे फोडणारे. दुसऱ्या प्रकारचे, नवकवितेचे संपादक म्हणून त्यांना मानणारे, बरेचसे वर गेले. स्वतःचे तीन कवितासंग्रह आणि इतरांच्या निवडक कवितांची चार पुस्तकं त्यांनी काढली. नवा कवी हुडकायचा, त्याची कविता घ्यायची आणि घेताना कात्री चालवायची, ही त्यांची रीत. कवितेत माणसाचं नाव आलं की ती घरगुती होते, हे त्यांचं ठाम मत. बायकोने, जानकीने, यावरून त्यांना पुष्कळ चिडवलं. ती गेल्याला सहा वर्षं झाली. आता चिडवायलाही कुणी नाही, आणि ते त्यांना फार खातं.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी निवडक कवितांचं पाचवं, शेवटचं पुस्तक हाती घेतलं, ते एक चूक निस्तरण्यासाठी. खारदांड्याच्या जयंतीबाई मासळी विकत आणि कविता लिहीत. बत्तीस वर्षांपूर्वी त्यांच्या एका अस्सल कवितेच्या शेवटच्या दोन ओळी दत्तारामांनी ती पुस्तकात छापताना न विचारता कापल्या. बाई भांडल्या नाहीत. पुन्हा कविता मात्र पाठवली नाही. आता ती पूर्ण छापायची होती. बाई वारल्या होत्या, म्हणून मूळ हस्तलिखित आणि परवानगीचा कागद घेऊन दत्ताराम त्यांच्या मुलीकडे गेले.

हेमांगी दारात सुकट निवडत होती. "पुस्तक आहे आमच्याकडे, काका," ती म्हणाली. "आई म्हणायची, यात तू आहेस. मी कितीदा वाचलं, कुठेच नाय सापडले. मला वाटलं, समजूत घालायला बोलली असेल."

दत्तारामांनी पिवळा पडलेला कागद पुढे केला. तिने हात पदराला पुसले. शेवटी लिहिलं होतं:

हेमांगी, तू झोप.
बाजार आटपून आले की उठवते तुला.

तिने त्या ओळी पुन्हा वाचल्या. मग म्हणाली, "हे तुम्ही काढलंत?"

"हो. चुकलो मी. आता सगळी छापतो. फक्त या परवानगीवर सही करा."

"आता नका छापू. हा कागद माझ्याकडे राहू दे." तिने तो घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. "तुमची सही-बिही घेऊन जा, काका."

दत्ताराम घरी आले, नव्या पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून त्यांनी जयंतीबाईंचं नाव काढलं. ओळी त्यांना पाठ होत्या, पण त्या छापायचा आता त्यांना काही हक्क नव्हता. मग स्वतःचे तिन्ही संग्रह काढले आणि पहिल्या पानापासून जानकीचं नाव शोधू लागले. ते कुठेही नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरी एकेक पान उलटत राहिले.