मागच्या सीटवरचे मेजर

गाडीची ट्रायल म्हटली की गिऱ्हाईक स्टिअरिंगवर बसतं. मेजर मागचं दार उघडायचे, वहाणा काढून बाजूला ठेवायचे आणि मागच्या सीटवर आडवे व्हायचे. पाय पोटाशी घेतलेले, हात छातीवर, डोळे मिटलेले.

"चालवा भाई," म्हणायचे. "माज्या तोंडाला काय इचारू नका. पाठीला इचारा."

मिरजेत स्टेशनच्या मागच्या अंगाला माझं गॅरेज आहे. गाड्या उंच करून देणं हे माझं अलीकडचं काम. सांगली-साताऱ्याची हौशी पोरं जीप घेऊन येतात, दोन-तीन इंच वर उचलून घेतात, रुंद टायर घालतात आणि रविवारी नदीच्या दगडांत नेऊन उलटीपालटी करतात. सोमवारी मोडकी गाडी परत माझ्याकडे. त्यांच्यात एके दिवशी लाल मुंडासं, पांढरा पायजमा आणि फौजेतला जुना हिरवा स्वेटर घातलेले हे गृहस्थ येऊन उभे राहिले. बरोबर एक सेकंडहँड फोर-बाय-फोर.

मेजर ते गावच्या भाषेत. फौजेत ते ड्रायव्हर होते. आमच्याकडे पेन्शनीत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, हे तुम्हालाही ठाऊक असेल. गाव आटपाडीच्या बाजूला, माळावरचं. घर धनगराचं. धाकटा भाऊ अजून मेंढरं राखायचा. दिवाळी झाली की कळप घेऊन पश्चिमेला निघायचा, तो पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचा.

"गाडी वर घ्याची हाय," मेजर म्हणाले. "लय न्हाई. पोट दगडाला घासाय नगं एवढीच."

"कुठं न्यायची?"

"पाटनच्या वर. सड्यावर."

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं खडकाळ पठार. मला वाटलं, म्हाताऱ्याला उतारवयात हौस आलेली दिसते. मग गाडीच्या काचेतून मला वहिनी दिसल्या, मेजरांची बायको. मागच्या सीटवर उशीला टेकून बसलेल्या, अंगावर शाल, हातावर हिरवं गोंदण. त्यांच्या हाडांत आजार पसरला होता. मिरजेत उपचार चालू होते आणि दवाखान्याजवळच खोली घेऊन दोघं राहत होती.

"लय उंच करू नका, भाऊ," त्या आतून म्हणाल्या. "म्हातारं चढताना पडायचं."

"आणि वहिनी, तुम्ही कशा चढणार?" मी विचारलं.

"मी हाय की," मेजर म्हणाले आणि लगेच दुसरीकडे बघायला लागले.

गाडी उचलणं म्हणजे नुसत्या स्प्रिंगा बदलणं नाही. पुढच्या प्रत्येक चाकाला वरून एक आणि खालून एक असे दोन आर्म धरून असतात. गाडी वर घेतली की वरच्या आर्मला ओढ बसते, त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट तिरका होऊन अडतो, स्टिअरिंग सरळ धावत नाही. म्हणून वरचा आर्म बदलावा लागतो, आणि कोणता घ्यायचा याच्यावर माझ्याकडे पोरांची तासन् तास भांडणं चालतात.

मी मेजरांसमोर पोलादी सांध्याची जोडी ठेवली. पोरांची लाडकी जोडी. चाक खूप खाली-वर जातं, वर्षानुवर्षं झिजत नाही. मेजरांनी एक आर्म हातात घेतला, सांधा फिरवून बघितला.

"ह्यात रबर कुठाय?"

"नाही. लोखंडावर लोखंड. म्हणून तर टिकतं."

"मंग दगडाचा दणका कुठं जायचा?"

"बॉडीत."

"आन् बॉडीतनं?"

त्यांनी तो आर्म हळूच खाली ठेवला. "रबराचं बुश असल्यालं मागवा. झिजंना का. मला काय वरसं काढायची न्हाईत."

सांध्यात रबरी बुश, म्हणजे दणका गिळणारी गादी, असलेली जोडी माझ्याकडे नव्हती. पुण्याला सांगितलं. आज येईल, उद्या येईल असं चाललं होतं. रोज दुपारी बायकोला चार घास भरवून मेजर गॅरेजवर यायचे आणि स्टुलावर बसायचे. काम कसं चाललंय ते बघायचे, कुणाच्या कामात बोलायचे नाहीत. पोरं त्यांना लढाईच्या गोष्टी विचारायची. ते म्हणायचे, "मी फकस्त रस्ता बघितला रं. लडाई मागं बसल्याल्यांनी बघितली."

सड्यावर काय आहे ते मला हळूहळू कळलं. भावाचा कळप त्या वर्षी तिथे उतरला होता. लग्न झाल्यापासून वहिनी सासू-सासऱ्यांबरोबर त्याच वाटेने चालल्या होत्या. घोड्यावर संसार, पाठीला पोर, पुढे मेंढरं. मेजर तेव्हा फौजेत.

"तिनं सगळं चालत केलं," ते एकदा म्हणाले. "मी आपला बसून फिरलो. आता तिला चालाय येत न्हाई. म्हनती, एकदा कळप दाव."

मग एके दुपारी ते आले ते स्टुलावर बसलेच नाहीत. "डाक्टर म्हनले, घरी न्या. मंजे काय ते कळलं."

मी म्हणालो, "मेजर, पुण्याहून माल कधी येईल सांगता येत नाही. पोलादी जोडी आज बसवतो. उद्या निघा."

त्यांनी रस्त्याकडे बघितलं. समोरून दवाखान्याच्या गाड्या जात होत्या.

"हे बगा भाई," म्हणाले. "थांबलो तर कदाचित तिला मेंढरं दिसायची न्हाईत. घाई केली तर दिसतील. पन पोचंपतोर नुसती दातावर दात धरून बसंल. ती वरडत न्हाई. वरडली असती तर बरं झालं असतं." मुंडासं काढून त्यांनी परत बांधलं. "थांबूया."

असा निर्णय मला घेता आला नसता. तुम्हाला आला असता का, सांगा.

माल आला. आर्म बसवले, चाकांचा कोन जुळवून घेतला आणि रेल्वेच्या मालधक्क्याकडच्या फुटक्या रस्त्यावर ट्रायलला निघालो. मेजर मागे आडवे. एका खड्ड्यातून गाडी काढली.

"हवा कमी करा."

टायरची हवा कमी केली. परत तोच खड्डा.

"स्पीड कमी. आनि आडवं घ्या, एकेक चाक उतरू द्या."

तोच खड्डा मी कितीदा पार केला कोण जाणे. शेवटी मागून आवाज आला नाही. वळून बघितलं तर मेजरांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे चाललं होतं. "हां," ते म्हणाले. "हितं ती निजंल."

निघायच्या सकाळी त्यांनी किल्ली माझ्याकडे दिली. "तुमी चालवा. मी मागं हाय." जन्मभर स्टिअरिंग धरलेला माणूस बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसला.

आष्टा, इस्लामपूर, कराड. रस्ता चांगला होता तोवर वहिनी बोलत होत्या. या वळणावर घोडं बुजलं होतं, या गावची विहीर गोड. कराड मागे पडल्यावर त्या गप्प झाल्या. आरशात मेजरांनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की बघवेना. पुटपुटले, "झोपली."

पाटण सोडून आम्ही कच्च्या वाटेला लागलो. ओढे, दगड, चाकोऱ्या. गाडीचं पोट कुठेही टेकलं नाही. रबर सगळं गिळत होतं, जेवढं रबराला गिळता येतं तेवढं. मेजर वाकून दाराबाहेर बघत होते, मागचं चाक कुठून जातंय ते. त्याच वेळी मी आरशात पाहिलं. वहिनींचे डोळे उघडे होते. खालचा ओठ दातांत धरलेला. आमची नजर आरशात भेटली. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी, नाही म्हटल्यासारखी. मेजर आत वळले तेव्हा डोळे पुन्हा मिटलेले होते.

मी वेग आणखी कमी केला. याहून दुसरं काय करणार?

सड्याच्या शेवटच्या चढणीखाली त्यांनी डोळे उघडले. "बास. हितंच थांबवा."

"आगं, वर जाती गाडी," मेजर म्हणाले. "चढ काडलाय तिनं आसला."

"गाडी जाती वं. मी न्हाई जात."

मेजरांनी तोंडाशी हात धरून वर हाक दिली. थोड्या वेळाने घंटा ऐकू आल्या आणि धाकट्या भावाने सगळा कळप खाली आणला. मेंढरं गाडीच्या चारी बाजूंनी दाटली. मेजरांनी वहिनींना उचलून दारात धरलं. त्यांनी हात खाली सोडला आणि जी पाठ हाताला लागेल तिच्या लोकरीत बोटं घातली. मला वाटलं, आता रडतील. त्या दिराला म्हणाल्या, "आवं, ती काळी लंगडती. खुरात काटा हाय तिच्या. कुनाचं लक्ष हाय का न्हाई?"

दिराने मेंढी पाडून खूर बघितला. काटा होता.

संक्रांतीच्या आधीच वहिनी गेल्या. माळावर, आपल्या घरी.

दिवसपाणी उरकून मेजर गॅरेजवर आले. आमच्या घरच्यांनी चहा पाठवला, तो त्यांनी निवू दिला. गाडी चांगली आहे म्हणाले, पण तिच्यात आता बसवत नाही. मग विचारलं, "भाई, ती कराडाच्या म्होरं झोपली हुती न्हवं?"

"झोपल्या होत्या."

"तुमी आरशात बघत हुता म्हनून इचारलं."

"गाढ झोपल्या होत्या, मेजर."

त्यांनी मान डोलावली. पुढच्या खेपेला आले तेव्हाही, जाताना दारात थांबून, हेच विचारलं. मी तेच उत्तर दिलं. त्यांचा विश्वास बसत होता की नाही, मला कळलं नाही. अख्खी नोकरी आरशात बघून गाडी चालवलेला माणूस होता तो.

नंतर ते यायचे बंद झाले. गाडी त्यांनी पुतण्याला देऊन टाकल्याचं कानावर आलं.

पुढच्या दिवाळीनंतर मी साताऱ्याला निघालो होतो. आष्ट्याच्या अलीकडे कळपाने रस्ता अडवला होता. दोन्ही बाजूंना गाड्या थांबलेल्या, हॉर्न वाजत होते. पुढे धाकटा भाऊ होता, मध्ये पाठीवर ओझी लादलेली घोडी आणि सगळ्यांत मागे मेजर. हिरवा स्वेटर, खांद्यावर काठी आडवी, वहाणांवर पांढरी धूळ. फौजी ताठपणाने ते चालत होते, पण एका पायाने किंचित लंगडत.

काच खाली करून हाक मारावी असं वाटलं. हात बटणावर गेलाही. पण हाक मारली असती तर त्यांनी पुन्हा तेच विचारलं असतं, आणि भर रस्त्यात, उजेडात, त्यांच्या डोळ्यांत बघून मला ते म्हणता आलं नसतं. एक कोकरू मागे राहिलं होतं. मेजर परत फिरले, वाकून ते उचललं, काखेत धरलं आणि शिराळ्याच्या दिशेने चालू लागले. मागच्या गाडीने हॉर्न दिला. मी गिअर टाकला.