दारातला साबण

खोकला अन् किस्सा, दोन्ही एका जातीचे. घरात एकाले झाला का सगळ्याईले होते, अन् गल्लीत पोचाले वेळ लागत नाही. यंदा हिवाळ्यात आम्ही खोकल्याले घरात येऊ दिलं नाही, म्हणून नुसते किस्सेच साचले.

कारण आमची नात. पोट्टी वेळेच्या आधीच आली, मांजरीच्या पिल्लाएवढी. घरी सोडताना डॉक्टरीणबाई साफ बोलल्या, "हिवाळा जपा. मोठ्यांची साधी सर्दी हिच्या छातीत उतरली तर पुन्हा ऑक्सिजन लावावा लागेल." त्याच दिवशी आमच्या सुनेनं, सुषमानं, दारात बादली अन् साबण मांडला. हात धुतल्याशिवाय कोणी आत नाही. सर्दीवाला तं फाटकातूनच वापस. म्हणलं, बरं झालं. मले तसेही पाहुणे आवडत नाहीत.

*

माहा दोस्त बाबाराव पोट्टीले पाहाले आला. मास्क लावून, शहाण्यासारखा. हात कोपरापर्यंत धुतले. मंग खिशातून तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी काढली, घोटली, मास्क हनुवटीवर ओढला, चिमूट तोंडात टाकली, अन् तोच हात लेकराच्या गालाकडे.

"काका, पुन्हा धुवा," सुषमा बोलली.

धुतले. गप्पात रमला, पुन्हा पन्नी, पुन्हा बादली. शेवटी चिडला, "एवढे हात तं मी माह्या लग्नातबी नोयते धुतले गा."

म्हणलं, "माहीत आहे. मी तुह्या बाजूलेच जेवाले बसलो होतो."

*

आमच्या बुढीची सवय वेगळी. लेकराची नजर उतरवली का तोंडावर थू थू थू. तिच्या सासूनं तेच केलं, तिनं आमच्या दोन्ही पोराईले तेच केलं. सुषमानं तिचा हात धरला.

"आई, तोंडावर नका करू."

"मंग नजर कशी उतरन वं?"

"रस्त्याकडे तोंड करून करा. नजर तिकडूनच येते ना?"

बुढीले पटलं. सकाळी फाटकात उभी राहून पूर्ण ताकदीनं थू थू करून राहिली, अन् समोरून शेजारीण वाटी घेऊन आली. ती अजून आमच्याशी बोलत नाही. एक पाहुणा आणखी कमी झाला.

*

मंग घरातल्या मोठ्याईनं फ्लूची सुई घ्याचं ठरलं. मी दवाखान्यात नर्सबाईले म्हणलं, "मले काहून? मी कधी बिमार पडत नाही. पोट्टीले द्या."

"आजोबा, ती सहा महिन्यांची झाल्याशिवाय देता येत नाही. तोवर तुम्हीच आजारी पडू नका, म्हणजे झालं."

बाही वर केली. बुढी बाजूलेच बसली होती.

"डोळे काहून मिटले?"

"झोप येऊन राहिली," म्हणलं.

*

डॉक्टरीणबाईनं हो म्हणल्यावर बारसं ठरलं, घरच्या घरी. लेकराच्या कानात नाव सांगाचा मान आत्याचा. आत्या म्हणजे माही पोरगी मंगला. नरखेडवरून पहिल्या एसटीनं आली. नवी साडी, हातात संत्र्याची थैली, नाक लाल.

फाटकातच शिंकली.

सून कशी बोलन, नणंद आहे. बुढीले पोरीची माया. शेवटी मीच गेलो.

"मंगला, आत नको येऊ."

"बाबा, थंडीनं वाहून राहिलं नाक."

"कशानंही वाहो. लेकराच्या छातीचा सवाल आहे."

तिचे डोळे भरले. "मंग नाव कोण सांगन? आत्या तं मी एकटीच आहो."

तेही खरंच होतं. दुसरी आत्या आणाची कुठून?

अक्कल सुषमानं काढली. मंगलाले अंगणात खुर्ची दिली, खिडकीसमोर. तिचा फोन तिच्या हातात, सुषमाचा फोन पाळण्यात, लेकराच्या कानाजवळ, स्पीकर चालू. फोनमधून मंगलाचा आवाज आला, "कुर्रर्र..." अन् तिनं नाव सांगतलं. पोट्टीनं डोळे उघडले. बाहेर मंगला रडून राहिली, आत सुषमा.

तेवढ्यात फोनमधून मंगलाची दणदणीत शिंक.

बुढीनं पाळण्यातून लेकरू उचललं अन् पार भिंतीपाशी पळाली.

"आई, मी बाहेर आहो ना वं!" मंगला अंगणातून ओरडली.

"दिसते मले," बुढी म्हणाली. "सुषमा, तो फोन आधी उलटा ठेव."