नणंदेचा अर्ज

मास्तरीण शाळेत कधी शिकवत नव्हती. कपडे शिवणाऱ्याला लोक मास्तर म्हणतात, म्हणून ती मास्तरीण. गल्लीतलं गटार सारखं तुंबायचं. त्यावरून तिनं नगरपरिषदेशी असं काही भांडण मांडलं, की शेजारीपाजारी म्हणाले, आता तूच जाऊन बस तिथे. ती उभी राहिली, निवडून आली आणि आल्या आल्या परवाना समिती तिच्या गळ्यात पडली. बार कुठे उघडायचा, किती वाजता बंद करायचा, गाणंबजावणं चालू द्यायचं की नाही, शेजाऱ्यांची हरकत काय आहे, हे सगळं त्या समितीनं ठरवायचं.

मला दारूतलं काय कळतं, असं ती नवऱ्यापाशी कुरकुरली. नवरा बस चालवायचा, स्वभावानं थंड. तो म्हणाला, "बरंच आहे. कळणारे बसले असते तर उठलेच नसते."

काम बिनबोभाट चाललं होतं. मग तिच्या नणंदेचा अर्ज आला.

नणंद वयानं मोठी. नवरा गेल्यावर कोपऱ्यावरचा लहानसा बार तिनं एकटीनं सांभाळला होता. पुढच्या रस्त्यावर झगमगीत जागा उघडल्या आणि तिच्याकडचं गिऱ्हाईक रोडावलं. शनिवारी-रविवारी एक गाणारी बाई आणि साथीला अकॉर्डियनवाला, रात्री अकरापर्यंत, एवढीच तिची मागणी होती. अर्ज देऊन ती थेट शिवणाच्या दुकानात आली आणि घरचंच माणूस समितीत असल्यावर आपल्याला कसली काळजी, असं म्हणत खुर्ची ओढून बसली.

मास्तरणीनं मशीन थांबवलं. "ताई, तुमचा अर्ज निघाला की मी बाहेर जाणार. नात्यातल्या माणसाच्या अर्जाला बसता येत नाही."

"मग जाता जाता दोन शब्द टाक."

"तेही नाही."

नणंदेला ती थट्टा वाटली. नवऱ्याला मात्र बायको ठाऊक होती; तो त्या आठवड्यात घरी जरा उशिराच येऊ लागला.

सुनावणीच्या दुपारी मास्तरीण उभी राहिली, अर्जदार आपली नणंद आहे एवढं सांगितलं आणि बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. बाकावर आधीच एक माणूस होता. बेकरीत कामाला, बारच्या समोरच वरच्या मजल्यावर राहणारा. पहाटेची भट्टी लावायची, म्हणून हा दिवेलागणीला जेवून आठच्या सुमारास झोपणारा. हरकत त्यानंच घेतली होती. तिला पाहून तो चुळबुळला. मग हळूच म्हणाला, "बाई, तुमच्या घरातलं प्रकरण आहे म्हणे. बोलू का गप्प बसू?"

नणंदेचा ओढलेला चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला. हा गप्प बसला असता, तर काम आपसूक झालं असतं, आणि तिच्यावर कोणी बोटही ठेवलं नसतं.

"तुम्हाला जो त्रास होईल तो सांगा," ती म्हणाली. "मी इथे कोणीच नाही."

जिन्यावरून नणंद वर येत होती. तिनं ते ऐकलं.

परवाना मिळाला, पण गाणं संध्याकाळी आठपर्यंतच आणि गल्लीकडच्या खिडक्या बंद ठेवून. नणंद घरी आली ती भावासमोरच म्हणाली, "परक्याला बोलायला लावलंस आणि माझ्या वेळी तोंडात मिठाची गुळणी धरलीस. लक्षात ठेवीन."

तिनं ते लक्षात ठेवलं. भाऊ भेटायला गेला की त्याची, त्याच्या खोकल्याची चौकशी व्हायची, भावजयीचं नावही निघायचं नाही. मास्तरणीला राग आला नाही, पण काम करताना मध्येच हात थांबायचा. आपण ताठरपणा केला का, असं तिनं एकदा नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, केलास. आणि दुसरं काही केलं असतंस तर मला आवडलं नसतं.

इकडे आठची अट पाळायची, म्हणून नणंदेनं गाणं दुपारीच सुरू केलं. गाणारी बाई असल्या वेळेला गळा लागत नाही म्हणून सोडून गेली. अकॉर्डियनवाला राहिला. दुपारचे म्हातारे-कोतारे येऊ लागले, मग त्यांच्या बायका. फार बरकत आली असं नाही, पण बार तगला. बेकरीवाल्याची झोपही मोडली नाही.

हे सगळं नवऱ्याकडून कळत होतं. शेवटी एका रविवारी मास्तरीण स्वतःच गेली. समितीत आल्यापासून तिनं त्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून तिनं लिंबाचं सरबत मागितलं. नणंदेनं पेला आणून ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

"पैसे आधी," ती म्हणाली. "समितीच्या बाईला फुकट पाजलं, तर उद्या तूच माझ्यावर हरकत घेशील."

मास्तरणीनं पर्स उघडली आणि पैसे दिले. नणंदेनं ते गल्ल्यात टाकले, हात पुसले आणि परत येऊन तिच्यासमोर बसली. अकॉर्डियनवाला काहीतरी जुनं वाजवत होता. भावाचा खोकला कमी झाला का, असं तिनं विचारलं, आणि दोघी बराच वेळ त्याच्याविषयीच बोलत बसल्या.