रेकॉर्डींसाठी स्थळ

सदाशिव पेठेत उभा जन्म काढून एकदाही गाण्याच्या बैठकीला न गेलेली बाई अख्ख्या पेठेत एकच असावी, आणि ती नेमकी माझी आतेसासू निघावी हे माझं नशीब. माझ्या नवऱ्याची ही सख्खी आत्या. वय पंचाहत्तरीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, आणि संगीत म्हणजे जॅझ, बाकी सगळं ‘ठीक आहे’, असं ठाम मत. पेठेतल्या माणसाला ठाम मत असावं यात नवल नाही. पण इथे मतं साधारणपणे मिसळीवर, वाहतुकीवर आणि शेजाऱ्यांवर असतात. सॅक्सोफोनवर मत असलेल्या माझ्या पाहण्यात याच. तरुणपणी त्या पिंपरीच्या एका कारखान्यात परदेशी साहेबाच्या स्टेनो होत्या. साहेब मायदेशी परतताना हाताखालच्या लोकांना घरातलं सामान वाटून गेला. कुणाला टेबलफॅन मिळाला, कुणाला टी-सेट. आत्यांच्या वाट्याला रेकॉर्डींचा खोका आणि त्या वाजवायचं यंत्र आलं. “टेबलफॅन मिळाला असता तर आयुष्य जरा गारव्यात गेलं असतं,” असं त्या अजूनही म्हणतात. खोक्याचं पुढे कपाट झालं, आणि मी लग्न होऊन आले तेव्हा कपाटाची भिंत झालेली होती.

या भिंतीसमोर बसायचे नियम होते. ताठ बसायचं, बोलायचं नाही, वर्तमानपत्राचं पान उलटायचं नाही. चैत्रातल्या हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांना आंब्याची डाळ, पन्हं आणि एका रेकॉर्डची एक बाजू मिळत असे, आणि यातलं काहीही नको म्हणायची सोय नव्हती. एकदा समोरच्या काकूंनी ट्रम्पेट ऐन रंगात असताना डाळीला कैरी कुठली वापरली म्हणून विचारलं. आत्यांनी उत्तर दिलं, पण बाजू संपल्यावर. तोवर काकू पन्ह्यापर्यंत पोचल्या होत्या. “तोतापुरी,” आत्या एकदम म्हणाल्या, आणि काकूंना काही केल्या संदर्भ लागेना. रेकॉर्ड कुणाला घरी न्यायला देण्याचा तर प्रश्नच नव्हता. माझ्या नवऱ्याने कॉलेजात असताना एक मागून पाहिली होती. आत्यांनी त्याला त्याऐवजी स्वतःची सायकल दिली.

वादकांविषयी त्या घरातल्या पुतण्या-भाच्यांविषयी बोलावं तसं बोलतात. माणूस अमेरिकेत जन्मलेला, तिथेच केव्हाच वारलेला. पण आत्यांना त्याच्या जेवणाची काळजी. “हा बिचारा चाळिशीही न गाठता गेला. रात्री-अपरात्री वाजवायचं, वेळेवर गिळायचं नाही. घरात कुणी एक भाकरी थापून घालणारं असतं ना, तर अजून दहा रेकॉर्डी झाल्या असत्या.” पुण्यात कुठे जॅझ वाजणार असलं की त्या रिक्षा करून जाणारच. खांद्यावर एसीसाठी शाल, पिशवीत चहाचा थर्मास. असले कार्यक्रम बहुधा कोरेगाव पार्कातल्या एखाद्या हॉटेलात, लोक जेवत असताना होतात, आणि हे त्यांना सोसत नाही. एकदा मी सोबत होते. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी वेटरला हाक मारली, तशा आत्या उठून त्यांच्यापाशी गेल्या. “अहो, तो मुलगा तिथे जीव ओतून वाजवतोय, आणि आपण पापड मागवताय?” गृहस्थांनी पापड रद्द केला. कार्यक्रम संपल्यावर आत्या थेट ड्रमवाल्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, “तुमचा डावा हात आज कामावर आला नव्हता.” त्याने वाकून नमस्कार केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

दोन-तीन वर्षांपूर्वी आत्यांचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी उंच सूर गेले, मग ड्रमवर फिरणाऱ्या तारेच्या ब्रशचा आवाज गेला. डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं. त्यानं माणसं ऐकू येऊ लागली, पण ट्रम्पेट कुकरच्या शिट्टीसारखा यायला लागला. “ज्यांचं ऐकायचं नाही ते स्पष्ट आणि ज्याचं ऐकायचं त्याची वाट,” असा मशीनचा निकाल लावून रेकॉर्ड लावताना त्या ते काढून ठेवू लागल्या. डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं की उरलंय ते फार टिकणार नाही. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, “मला ऐकू येतंय तोवर या सगळ्या उजवायला हव्यात. तुम्ही दोघं चांगले आहात, पण तुम्ही ऐकत नाही. तुम्ही बसता.” हे खरंच होतं. इतकी वर्षं मी त्या भिंतीसमोर बसून मनातल्या मनात भाजीचा विचार करत आले होते. तरीही मला वाईट वाटलं.

मग स्थळं पाहणं सुरू झालं. नवऱ्याने इंटरनेटवर चार ओळी टाकल्या आणि रविवारी सकाळी उमेदवार यायला लागले. रीतसर कांदेपोहे असत. आत्या एक बाजू लावत आणि समोर बसून उमेदवाराचा चेहरा न्याहाळत. पहिला आला तो खुर्चीत बसल्याबसल्या डोळे मिटून डोलायला लागला. “देवळात आलाय का?” म्हणून बाद. दुसऱ्याने रेकॉर्ड नाकाशी धरून ती कुठल्या देशात छापली, आज किती किमतीला जाईल, हे सांगितलं. पोहे पुरते खाऊ दिले आणि बाद. एक मुलगा खरोखर जाणकार होता, पण प्रत्येक तुकड्यानंतर “आंटी, धिस इज जीनियस” म्हणायचा. तो गेल्यावर आत्या म्हणाल्या, “त्याला ऐकायला वेळ कुठे आहे? कौतुकातच दमतो.” पावसाळा गेला, दिवाळी गेली. आत्या आवाजाचं बटण दर महिन्याला थोडं थोडं पुढे सरकवत होत्या आणि खालच्या मजल्यावरून निरोप यायला लागले होते. स्थळ काही जमेना. मला रात्री झोप लागेना, इतकी मी त्या रेकॉर्डींची मनाने वधूमाय झाले होते.

अखेर एक मुलगी आली. मूळची अमरावतीची, इथे आयटीत नोकरी, विश्रांतवाडीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी. तिने डोळे मिटले नाहीत, मान डोलावली नाही. हातातली पोह्यांची बशी ती साफ विसरली. वाजणारं सगळं तिच्या चेहऱ्यावर येऊन जात होतं. मला जॅझमधलं ओ की ठो कळत नाही, पण तिच्याकडे बघून मला ते कळल्यासारखं वाटलं. बाजू संपल्यावर आत्यांनी मशीन कानात घातलं आणि विचारलं, “कसं वाटलं?”

“छानच आहे न, पण मधात त्यानं उगाच लांबवलं,” ती म्हणाली, आणि मग घाबरली. “सॉरी हं.”

“सॉरी कशाला? मला पहिल्या दिवसापासून हेच वाटतंय,” आत्या म्हणाल्या. “बोलायची कुणाची छाती झाली नाही.” आणि मला म्हणाल्या, “अगं, तिचे पोहे गार झाले. गरम दे.”

सगळ्या रेकॉर्डी जुन्या सुती साड्यांत गुंडाळून टेम्पोने विश्रांतवाडीला गेल्या. यंत्र गेलं, कपाटंही गेली. आत्या दारात उभ्या होत्या. रडल्या वगैरे नाहीत, फक्त टेम्पोवाल्याला तीनदा सांगितलं की खड्ड्यांतून सावकाश न्या. आत गेलो तर भिंतीला नुसते कपाटाचे डाग होते.

तेव्हापासून महिन्यातून एका रविवारी मी आत्यांना तिकडे नेते. आता त्यांना मशीनशिवाय जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, पण रेकॉर्ड लागली की ते कानातून निघतंच. मग त्या मुलीच्या समोर बसतात आणि तिच्या चेहऱ्याकडे बघतात. रेकॉर्डी पाठ आहेत, त्यामुळे वादन कुठवर आलं हे त्यांना तिच्या चेहऱ्यावरून समजतं, आणि बोटं मांडीवर बरोबर ठेका धरतात. गेल्या रविवारी बाजू संपली. सुई शेवटच्या रेघेत नुसतीच फिरू लागली. पण आत्यांची बोटं चालूच होती. मुलीने ते पाहिलं आणि ती उठली नाही. ऐकत असल्यासारखाच चेहरा ठेवून ती बसून राहिली, मध्येच थोडी हसली, जणू काही सुंदर जागा आली. बराच वेळ असाच गेला. मग आत्या तिच्याकडे बघतच म्हणाल्या, “बाजू केव्हाच संपली गं. कान गेलेत माझे, पण भिंतीवरचं घड्याळ दिसतं मला.”

मुलगी ओशाळली. “मग बोलला काहून नाही, आत्या?” ती जोरात म्हणाली.

आत्यांना ते ऐकू आलं की ओठांवरून कळलं, कोण जाणे. “तू इतकी छान ऐकत होतीस,” त्या म्हणाल्या, “म्हटलं, ऐकू दे.”

दुसरी बाजू लावायला मग तिघींपैकी कुणीच उठलं नाही.