कडेबाहेर गेलेला कीबोर्ड

माझ्या नणंदेचं काम सांगितलं की लोक हसायचे. मोबाईलवरचा कीबोर्ड दाबून बघायचा, ओढून लहानमोठा करायचा, कुठे अडला की लिहून ठेवायचं. अकरा वर्षं तिनं एवढंच केलं. आमचे हे चिडवायचे, "हिचं पाटीवर गिरवणं काही सुटलं नाही बुवा!"

उजवीकडून डावीकडे लिहायच्या भाषाही तिच्याकडेच होत्या. त्यातलं एकही अक्षर तिला वाचता येत नव्हतं. ऑफिसात कुणालाच येत नव्हतं. म्हणून त्यांनी एक सोय काढली होती. तिला ते खोटी भाषा म्हणायचे. अक्षरं आपलीच, फक्त सगळी स्क्रीन उलटी. त्यात तपासायचं आणि ठीक आहे म्हणून सही करायची.

एका हातानं लिहिणाऱ्यांसाठी कीबोर्ड लहान करून अंगठ्याजवळ आणता येतो, तो भाग तिनं असाच तपासला. छान चालला. सही केली. पण खोट्या भाषेत स्क्रीन उलटते, कीबोर्ड मात्र आपलाच राहतो, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. उजवीकडून लिहिणाऱ्यांचा खरा कीबोर्ड लहान केला की उजव्या कडेबाहेर जात होता. परत मोठा करायला जे टोक धरून ओढायचं, तेही त्याच्याबरोबर बाहेर.

अपडेट लोकांकडे गेल्यावर नवव्या दिवशी एका बाईची ईमेल आली, कुणाकडून तरी भाषांतर करून घेतलेली. नवऱ्याला अर्धांगवायू. वाचा गेली, उजवा हात तेवढा चालतो. फोनवर लिहूनच बोलायचे. अपडेट आल्यापासून अक्षरं सापडत नाहीत. आता फोन हातातच घेत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून असतात.

पुढचं तिनंच मला जेवताना सांगितलं, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

साहेब म्हणाले, "टीमकडून राहून गेलं असं कळवू. उगाच अंगावर कशाला घेताय?"

"सही माझी आहे."

"अहो, कंत्राट संपतंय तुमचं पुढच्या महिन्यात."

"माहीत आहे. आधीच्या सह्याही अशाच आहेत, साहेब. सगळं परत तपासावं लागेल."

तिनं तसं स्वतःच्या नावानं लिहून दिलं. दुरुस्ती चार दिवसांत लोकांच्या फोनवर गेली. कंत्राट काही वाढलं नाही. डबा, चमचा आणि ऑफिसातल्या चपला पिशवीत घालून ती घरी आली. जेवली, ताट घासलं. मी तिच्या रडण्याची वाट बघत होते. रडली नाही.

आठवड्यानं सकाळी ऑफिसातल्या मैत्रिणीचा फोन आला. मी देवापुढे बसले होते. त्या बाईची दुसरी ईमेल आली होती. नवरा लिहायला लागला. पहिलंच वाक्य बायकोला, "माझा चष्मा कुठे टाकलास?"

"बरं," म्हणून तिनं फोन ठेवला.

"वन्सं, अहो बोलायला लागले ते!"

"हो वहिनी. आनंद व्हायला हवा ना? काहीच होत नाहीये."

मी देवाकडे वळले. तिच्या वाटचेही हात मीच जोडले. ती भाजी निवडत राहिली.