बुटात काय होतं

आमचा दादा बूट शिवतो, आणि शिवताना तोंड बंद ठेवत नाही. चाळीस वर्षं मी त्याच्याशेजारच्या पाटावर बसतोय, म्हणून सांगतो. त्याचा सगळ्यात लाडका किस्सा त्याच्या लग्नाचा. वहिनींचा तपकिरी बुटांचा जोड आमच्याच दुकानात बनला. त्या तो घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या, बूट चावतो म्हणून. दोन दिवसांनी पुन्हा. आठवडाभरात चार फेऱ्या. "बूट कसला चावतोय? माझा शिवलेला बूट जन्मात कुणाला चावला नाही," दादा मिशीवरून हात फिरवत सांगायचा. "ती मला बघायला येत होती." वर्षभरात लग्न झालं. हा किस्सा मी इतक्या वेळा ऐकलाय, की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

आमच्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, एक शिस्त होती. तयार बुटाचा आकार बिघडू नये म्हणून आत रद्दी कागदाचे बोळे कोंबायचे, आणि गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी ते काढून कोरे, करकरीत कागद भरायचे. काढलेले बोळे पोत्यात, तिथून दुसऱ्या जोडात. ते काम दादाचं. कागद वाया घालवलेला अण्णांना खपायचा नाही.

गेल्या महिन्यात दुकानाला रंग द्यायचा म्हणून आम्ही वरचं फळकूट रिकामं केलं. तिथे एक जोड सत्तावीस वर्षं पडून होता, गिऱ्हाईक कधी आलंच नाही. दादाला एक खोड आहे. बोळा सापडला की उलगडून जुनी बातमी मोठ्याने वाचायची. त्या जोडातल्या पहिल्या बोळ्यात कुठल्याशा पुलाचं उद्घाटन निघालं. दुसरा त्याने तसाच झोकात सुरू केला, "शनिवारी सकाळच्या पहिल्या गाडीने मी निघतोय," आणि गप्प झाला. मी म्हटलं, वाच की, पुढे काय झालं? त्याने कागद माझ्याकडे सरकवला.

हाताने लिहिलेली चिठ्ठी होती. 'तुझ्या घरचे माझ्याशी लग्न लावून देणार नाहीत, तू स्टँडवर ये. हेच बूट घालून ये. डाव्या करंगळीपाशी जागा जास्त ठेवायला सांगितली आहे. नाही आलीस, तर नको म्हणालीस असं समजेन, पुन्हा तोंड दाखवणार नाही.' वर नाव नव्हतं, खालीही नव्हतं. पण डाव्या पायाची ती बाहेर वळलेली करंगळी दादा सत्तावीस वर्षं मापतोय. त्याला नाव कशाला लागतंय?

वहिनींच्या त्या तपकिरी जोडासाठी कागदावर पायाचं माप काढून एक तरुण अण्णांकडे आला होता. आम्ही धरून चाललो की मुलीचा भाऊ असेल. तयार झाल्यावर जोड बघायला आला, तेव्हाच चिठ्ठी आत सारली असणार.

आधी दादा भडकला. मला सत्तावीस वर्षं उल्लू बनवलं म्हणाला. दोन दिवस घरात धुसफूस. चहा पांचट, भाजी खारट, टॉवेल ओला. वहिनींना कळेना, यांना कुठून अवदसा आठवली. शेवटी मलाच राहवलं नाही. म्हटलं, तोंड आवर. ती तुला भेटायच्या आधीची गोष्ट आहे, आणि बोळे काढायचं काम कोणाचं होतं?

हे मी बोलायला नको होतं. त्याच्या हातातली आरी तशीच राहिली. मग हळूच म्हणाला, "तिने विचारलं होतं रे. पहिल्या फेरीत. आत काही होतं का, म्हणून. मी हसलो. म्हटलं, बुटात पाय असतो, दुसरं काय असणार?"

त्या दिवसापासून खाई त्याला खवखवे. जन्मात चूक न करणाऱ्या माणसाने एका गिऱ्हाइकाला दोन्ही बूट डाव्या पायाचे शिवले. मी बजावलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, चिठ्ठी चुलीत घाल. म्हणाला, एकदा फेकली तेवढी पुरे. पण सांगायचं धैर्यही होईना. सांगितलं तर ती आपल्याकडे पुन्हा तशी बघणार नाही, ही भीती. आठवडाभर शर्टाच्या खिशात चिठ्ठी घेऊन हिंडला.

एका दुपारी वहिनी मटार सोलत बसल्या होत्या. त्याने चिठ्ठी समोर ठेवली आणि कुठे सापडली ते सांगितलं. मी उठायला लागलो, तर वहिनी म्हणाल्या, बसा भाऊजी. त्यांनी दोनदा वाचली. पदराला हात पुसून पुन्हा एकदा वाचली.

"गेली असतीस?" दादाने विचारलं.

"गेले असते," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, तो न सांगताच गेला. पुष्कळ शिव्या घातल्या मी त्याला." मग चिठ्ठीची घडी घालून डब्यात ठेवली आणि उरलेले मटार सोलले. त्या रडल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटलं. दादा तिथेच भिंतीला टेकून बसून राहिला.

पुढच्या रविवारी त्यांच्या मुलीच्या सासरची माणसं पहिल्यांदा जेवायला आली. जेवण रंगलं आणि पोरगी म्हणाली, बाबा, तो बूट चावल्याचा किस्सा सांगा ना. दादाचा घास हातात राहिला. मी म्हटलं, नंतर सांगेल, आधी वाढा. पण वहिनींनीच सांगायला घेतला. चार फेऱ्या, चावणारा बूट, काही म्हणजे काही गाळलं नाही. "आत काही होतं का विचारलं, तर हे म्हणाले, बुटात पाय असतो, दुसरं काय असणार?" व्याही पोट धरून हसले.

दादा खाली मान घालून म्हणाला, "होतं. आत होतं. मीच काढून टाकलं."

लोकांना वाटलं, हा विनोदाचाच पुढचा भाग. ते आणखी हसले. वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग तांब्या उचलून त्याच्या रिकाम्या पेल्यात पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "जेवा आता."